सनई थांबते तिथे

पट्टी आली. नेहमीसारखी टुंग करून टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात आली, आणि नानांच्या हातातला चहा बशीत सांडला. एरवी हीच पट्टी यावी म्हणून ते सकाळी आंघोळ उरकून, देवापुढे दिवा लावून, कप घेऊन सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसत. बोटभर रुंदीची काळी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एवढंच, की विश्वेश ऑनलाइन आला आहे, आणि खाली बारीक अक्षरांत तो कुठला खेळ खेळतोय त्याचं नाव. वाचेवाचेपर्यंत राहते आणि जाते. पण आज ती यायला नको होती. आज माघ वद्य पंचमी. गोदाला जाऊन आज चार वर्षं झाली, आणि यंदा तरी पट्टीच्या ऐवजी फोन वाजेल असं नानांनी आठवडाभर मनाशी धरून ठेवलं होतं. कुणाला बोलले नव्हते. बोलायला घरात होतं कोण. श्राद्धाच्या दिवशी पिंडदान होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही हा पंचवटीतल्या वडिलोपार्जित घराचा नियम. नाना चहापुरते नास्तिक होते. त्या चहाने आता धुतलेल्या धोतरावर डाग पाडला होता, टीव्हीवर पंचवीसेक वर्षांपूर्वीची मुंज चालू होती, आणि तिकडे टोरंटोत रात्रीचं जेवण आटोपून, आईच्या श्राद्धाच्या दिवशी, मुलगा फुटबॉल खेळायला बसला होता.

टीव्हीखालचा तो डबा खरं तर व्हिडिओ गेम खेळायचाच. विश्वेशने पुण्यात पहिली नोकरी लागल्यावर घेतला आणि कॅनडाला जाताना इथेच टाकून गेला. मग एका दिवाळीत घरातला जुना डीव्हीडी प्लेअर धूर काढून बंद पडला. दुकानदार म्हणाला, काका, आता ही वस्तू येत नाही, डिस्क बघतंय कोण. गोदा हट्टाला पेटली. तिला मुंजीची डिस्क बघायची होती आणि ती कुठल्या तोंडात घालायची एवढाच तिचा प्रश्न होता. सुट्टीवर आलेला विश्वेश हसला. म्हणाला, "आई, हा डबा काय नुसत्या गोळ्या झाडायलाच आहे का, यात डिस्कही चालते." आणि त्याने तिला शिकवलं. दोन शिंगांचं, बटणांचं ते काळं हत्यार तिच्या हातात दिलं, तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. फुली म्हणजे हो, गोल म्हणजे नाही. नानांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं होतं, "फुली मारली की होकार, ही कुठल्या देशातली रीत?" गोदा म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय, तुम्ही बसणार आहात थोडेच बघायला." डबा लावला की आधी विचारतो, कोण आलंय. म्हणून विश्वेशने आपल्या शेजारी तिचंही खातं काढून दिलं, नाव घातलं आई, चित्र तिने निवडलं, कोंबडीचं पिवळं पिल्लू. गोदा गेल्यावर नाना त्या पिल्लावर फुली दाबायला लागले. दुसरं काही दाबायला ते शिकलेच नाहीत. त्या दोघांचं पेपराआडून ऐकून जेवढं पदरात पडलं होतं तेवढ्यावर चार वर्षं निघाली.

डिस्क म्हणाल तर भिकार. मुळात शूटिंगवाल्याने कॅसेट दिली होती. तिला बुरशी धरायला लागली तेव्हा देवळाली कॅम्पातल्या एका स्टुडिओत नेऊन तिची डिस्क करून घेतली. स्टुडिओवाल्याने हौसेने सगळ्यावर सनई चढवली. पाहुणे खदखदून हसतात, आत्याबाई मानपानावरून तावातावाने हातवारे करतात, नानांचा थोरला भाऊ, भिक्षुकी करणारा दादा मंत्र म्हणतोय, आणि ऐकू येते ती फक्त सनई. एकच जागा त्याच्या हातून सुटली. एक सनई संपते आणि दुसरी सुरू व्हायची असते, तिथे. मातृभोजन चाललंय. मुंज लागायच्या आधी मुलाने आईच्या ताटात शेवटचं जेवायचं. मग तो मोठा झाला, आईच्या ताटातला घास संपला. आठ वर्षांचा विश्वेश पाटावर मांडी घालून, शेजारी नऊवारीतली गोदा, नाकात सासूची नथ, ती सारखी वर करतेय. सनई थांबते. कुठेतरी भांडं पडतं. आणि तिचा आवाज येतो, भरल्या कार्यालयात दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने: "गरम आहे रे. फुंकून खा. कुणाला घाई नाहीये." की लगेच दुसरी सनई. घरात तिचा आवाज म्हणून एवढाच उरला होता. जुन्या फोनमध्ये तिचे निरोप होते, तो फोन बिघडला आणि निरोपही गेले. नाना ती जागा येईपर्यंत बसत, ती ऐकत, मग चहाचा कप विसळायला उठत. दादाची मुलगी तेजल इथे इंदिरानगरातच राहते, बँकेत आहे, येता-जाता डोकावते. ती कितीदा म्हणाली होती, "नानाकाका, एकुलती एक डिस्क आहे, द्या मला, पेनड्राइव्हवर उतरवून आणते." नाना हो म्हणत आणि देत नसत. डिस्क चार दिवस घराबाहेर राहणार, या कल्पनेनेच त्यांना बसल्याजागी थकवा येई.

पण आवाज हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं ती पट्टी. पहिल्यांदा आली तेव्हा चष्मा कपाळावर होता. कसलीतरी जाहिरात म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. मग एकदा वाचली. विश्वेश. तिकडे तो आत्ता घरी आलाय, बूट काढलेत, जेवलाय, बसलाय. एवढं सगळं नानांनी एका ओळीतून ओढून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी जरा लवकरच टीव्ही लावला. फोनवर एवढं कधी कळत नसे. फोन आधी रोज यायचा, मग रविवारचा झाला, मग महिन्यातून एखादा. "नाना, बरे आहात ना." "मी बरा. थंडी आहे का तिकडे." "आहे." "जेवलास." "हो, तुम्ही?" आणि मग दोघेही आपापल्या फोनकडे बघत बसायचे. भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला निदान विषय लागतो. त्या साथीच्या दिवसांत गोदा सकाळी पूजेची फुलं काढता काढता बसली ती बसलीच, आणि विश्वेशला येता आलं नाही. विमानं, तपासण्या, कसल्या कसल्या परवानग्या. अमरधाममध्ये तेजलने फोन उंच धरला होता आणि त्या फोनमध्ये विश्वेशचा चेहरा होता, अंगठ्याएवढा. नानांनीच अग्नी दिला. नंतर त्याला एकदाही म्हणाले नाहीत, की तू यायला हवं होतंस. त्यांना तसं वाटतही नव्हतं, कसा येणार बिचारा. पण न म्हटलेलं आणि न वाटलेलंसुद्धा फोनमध्ये येऊन बसतं, त्याला कोण काय करणार. पुढे दोनदा तो येऊन गेला, चार-चार दिवस, पाहुण्यासारखा अंथरुणाच्या घड्या घालून.

आधी सगळं तिच्यातून जायचं. विश्वेशला दरवर्षी दोन वाढदिवस असत. नानांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तिथी चालते. तारीख शाळेच्या दाखल्यापुरती. नानांनी पाटबंधारे खात्यात आयुष्यभर इंग्रजी तारखांखाली सह्या केल्या, पण घरी आले की पौष आणि माघ. तिथीने वाढदिवस आला की सकाळी औक्षण, कणकेचे दिवे, आठवून आठवून सगळ्या देवांना नमस्कार. आणि मग केव्हातरी, कधी आधी, कधी नंतर, तारखेचा वाढदिवस. तो गोदाचा विभाग. शाळेत वाटायला चॉकलेटं, संध्याकाळी बेकरीतला केक, त्यावर नाव चुकलेलं. पोराने एकदा जेवताना विचारलं होतं, "यातला खरा कुठला?" नाना म्हणाले, तिथीचा. गोदा म्हणाली, "ज्या दिवशी केक खाल्लास तो." नानांना तारखा लक्षात राहत नाहीत हे विश्वेशला ठाऊक होतं आणि विश्वेशला तिथी कळत नाही हे नानांना, पण त्यातून कुणाचं कधी अडलं नाही. फोनवर ती एकाला सांगायची, "अरे, आज तिथीने नानांचा वाढदिवस, फोन कर," आणि दुसऱ्याला सांगायची, "आज त्याचा तारखेचा आहे, फोन करेल, नीट बोला, हवामान नका विचारू." ती दोघांच्या मध्ये उभी असायची, आणि मध्ये कुणी उभं आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तर पट्टी गेली. टीव्हीवर गोदा हळदीच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत होती. मातृभोजनाला अजून थोडा वेळ होता. नाना उठले. आपण चिडलोय हे त्यांना उठल्यावर कळलं. खेळ बाबा, म्हणाले, खेळ. गोल म्हणजे नाही, पण गोल दाबायला हत्यार सापडेना, ते सोफ्याच्या फटीत गेलं होतं. मग त्यांनी टीव्हीखालच्या कप्प्यात हात घातला, डबा तसाच चालू स्थितीत धरला आणि बाहेर ओढला, उभा केला, मागची वायर हिसकली. आत काहीतरी खर्रकन घासलं. दळताना जात्यात खडा यावा तसं. टीव्ही निळा झाला, मग काळा. डबा भिंतीला टेकवून त्यांनी धोतर बदललं आणि रिक्षा बघायला खाली उतरले.

पंचवटीत दादाच्या घरी पोचले तेव्हा दादा ओटीवर यजमानांत गुंतलेला. यजमान न्यू जर्सीत होते. पितळी तांब्याला फोन टेकवून ठेवला होता आणि फोनमध्ये टी-शर्टवर जानवं घातलेला एक गृहस्थ मांडीवर स्टीलचं ताट घेऊन बसला होता. दादाचं हे आता बारा महिने चालतं. "तिथी माहीत आहे का वडिलांची?" दादा विचारत होता. गृहस्थाने मान हलवली. "हरकत नाही, तारीख सांगा. किती साल? सकाळी का संध्याकाळी गेले? थांबा, काढतो." चष्मा नाकावर घेऊन दादाने जुनी पंचांगं चाळली, बोट फिरवलं, तिथी काढून दिली. वर पुढच्या वर्षी ती कधी येते तेही सांगितलं, "लक्षात ठेवा, मागेपुढे होते ती, मी आठवण करीन." नाना खांबाशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्या बापानेही हेच केलं होतं. नाशकात गंगेवर, गोदावरीकाठी येणाऱ्या, गावाचं नाव सांगून रडायला लागणाऱ्या माणसांना त्यांच्या तारखांवरून तिथ्या काढून देण्यात या घराची हयात गेली होती. तेव्हा त्यांना यात काहीच विशेष वाटलं नाही.

"विश्वेशचा फोन आला का?" नाना जानवं उलट्या खांद्यावर घेऊन अपसव्य करत असताना दादाने विचारलं. "आला," नाना म्हणाले, "सकाळीच." "बरं झालं. पोटचा मुलगा असताना नवऱ्याने करायचं म्हणजे... असो. त्याच्या वतीने संकल्प सोड. लक्षात ठेवतोय हे काय कमी आहे." खोटं बोलायला काही कष्टच पडले नाहीत, याचं नानांना जास्त वाईट वाटलं. दर्भ, तीळ, भाताचे पिंड, सगळं यथासांग झालं. वहिनींनी गच्चीवर पान ठेवलं आणि खाली येऊन सांगितलं, "लगेच शिवला कावळा. मागे काही राहिलेलं नाही बघा तिचं." नाना वडा तोंडात घोळवत राहिले. तिचं काही राहिलं नसेल. ती कधीच कशात अडकून पडणारी नव्हती. अडकले ते इथे बसलेत, आमसुलाची चटणी चाटत.

त्याच संध्याकाळी तेजल श्राद्धाच्या स्वयंपाकातलं डबाभर घेऊन आली. भिंतीला टेकलेला डबा तिने बघितला. नाना म्हणाले, "तुझ्या नणंदेकडे हवा होता ना? घेऊन जा." ती बघतच राहिली. "आणि तुमची डिस्क?" "झालं बघून. किती बघायचं माणसाने." तेजल शहाणी, पुढे काही बोलली नाही. तिने खोकं शोधलं, डबा आणि वायरी त्यात ठेवल्या. "डिस्क आतच आहे बहुतेक," म्हणाली, "न्यायच्या दिवशी काढून देते." खोकं चपलांच्या स्टँडशेजारी जाऊन बसलं. नणंदेचं येणं लांबलं, तिच्या घरी तापाची साथ होती, आणि खोकं तिथेच राहिलं. येता-जाता पायाला लागे.

सकाळी नाना चहा घेऊन सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतच. दुसरीकडे कुठे बसायचं हे त्यांना सुचत नव्हतं. काळ्या टीव्हीत एक म्हातारा कप घेऊन बसलेला दिसे. बाहेर भाजीवाली ओरडत जाई, खालच्या मजल्यावरच्या मुलांची शाळेची रिक्षा हॉर्न वाजवी. तिकडे तो आला असेल का, बूट काढले असतील का, हे आता कळायला मार्ग नव्हता, आणि कळून तरी काय करायचंय, असं म्हणायची त्यांनी सवय लावून घेतली. राग दोन-तीन दिवसांतच विरून गेला होता. या वयात रागसुद्धा फार दिवस पेलत नाही. त्याच्या जागी नुसतं जड काहीतरी राहिलं, जेवणानंतर येते तशी सुस्ती, ती दिवसभर. आपल्यामागे आपल्या श्राद्धाला हा काय करेल, असाही विचार आला. त्याने त्यांना दुःख झालं नाही, फक्त कंटाळा आला. पण तिला विसरला. त्या पोरासाठी ती जगली, त्याच्या दोन-दोन वाढदिवसांचे हिशेब डोक्यात ठेवून जगली, आणि तिच्या एका दिवसाला त्याला आठवण नाही. आपण गेल्यावर जगात तिची आठवण असणारं कुणी उरणार नाही. हे मात्र बसल्याबसल्या पुन्हा पुन्हा येई आणि चहा निवून जाई.

अशाच एका सकाळी, तिथी होऊन पंधरवडा उलटून गेला होता, फोन वाजला. विश्वेश. रविवार नव्हता, काही नव्हतं.

"नाना? बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय."

"नाही, तेजलला विचारलं होतं मी मध्ये. ती म्हणाली, ठीक आहेत. खूप दिवसांत आई दिसली नाही, म्हणून."

नानांनी कप खाली ठेवला. पोराचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं एकदम मनात आलं. "कोण दिसली नाही?"

"आई. इथे येतं ना माझ्या स्क्रीनवर. तुम्ही डिस्क लावली की. ते पिल्लू येतं आणि लिहून येतं, आई ऑनलाइन आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नानांना माहीत नव्हतं. खिडकी आपल्याच बाजूने उघडते, असं ते चार वर्षं धरून चालले होते.

"पहिल्यांदा आलं ना," विश्वेश सांगत होता, आणि त्याचा आवाज नेहमीच्या फोनमधला नव्हता, "ती गेल्यावर महिन्याभराने असेल. मी घाबरून सगळं बंद करून टाकलं. मग डोक्यात आलं, तुम्ही असणार. तुम्हाला दुसरं काही दाबता येत नाही. मग मी रोज बसायला लागलो, जेवण झालं की. खेळत नाही हो फारसा. काहीतरी लावून ठेवायचं आणि बसायचं. पिल्लू गेलं की बंद करायचं. इकडे जेवण उरकताना मी घड्याळच बघत असतो. संजना म्हणते, चल, तुझ्या आईची वेळ झाली."

संजना त्याची बायको. नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मध्ये थांबलं तेव्हा वाटलं, नेट गेलं असेल. मग वाटलं, तुम्ही कंटाळलात. फोन करून विचारायचं तरी काय, आई का येत नाही म्हणून? पण आज तरी येईल असं वाटलं होतं. आज तारीख ना. तुमच्याकडे सकाळ, इथे तीच संध्याकाळ, आई गेल्याचा तुमचा फोन आला होता ती. दरवर्षी या दिवशी मी फोन जवळ घेऊन बसतो. तुम्ही डिस्क लावता, मला दिसतं, पण तुम्ही फोन करत नाही. मग मीही करत नाही. म्हटलं, आजच्या दिवशी नानांना माझ्याशी बोलायचं नसेल. मी आलो नव्हतो, म्हणून."

"अरे," नाना म्हणाले, आणि त्यांना बसल्याजागी पुढे वाकावं लागलं. "अरे, तिथी केव्हाच होऊन गेली. माघ वद्य पंचमी. मी त्या दिवशी वाट बघत होतो. तुझ्या फोनची."

विश्वेश साधेपणानेच म्हणाला, "मला कोण सांगणार नाना, तिथी?"

न्यू जर्सीतला टी-शर्टवाला सांगतो तारीख, आणि दादा काढून देतो. परक्यांना काढून देतो, फोन करून आठवण करतो. घरच्या पोराला कुणी सांगितली नाही. दादाने नाही, नानांनी नाही. घरच्याला सांगावी लागते हेच कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सांगणारी होती, ती स्वतःचीच तिथी कशी सांगणार. चार वर्षं दोघं आपापल्या दिवशी फोन मांडीवर घेऊन बसले होते, आणि दोघांनीही दुसऱ्याचा दिवस कोरडा जाऊ दिला होता. नानांना हसू आलं असतं, अंगात त्राण असतं तर.

"थांब," ते म्हणाले. "डबा खोक्यात आहे. लावतो."

"खोक्यात कशाला?"

"पुसायला काढला होता. जाड वायर कुठे घालायची ते सांग."

फोन स्पीकरवर टाकून, जमिनीवर बसून, विश्वेश सांगेल तसं नानांनी एकेक तोंड एकेका भोकात बसवलं. चपटं असेल ते टीव्हीच्या मागे. नाही, उलटं धरलं असेल, फिरवून बघा. घाई करू नका. गुडघ्यावर हात देऊन उठले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे आले. सोफ्याच्या फटीतून हत्यार काढलं. निळा पडदा आला, पिवळं पिल्लू आलं, खाली आई. नानांचा अंगठा फुलीवर थांबला. आजपर्यंत ते नुसतं बटण म्हणून दाबलं होतं, हो म्हणून नाही. दाबलं. आणि फोनमधून, टोरंटोच्या त्या खोलीतून, टुंग असा आवाज आला.

"आली," विश्वेश म्हणाला.

डिस्क फिरायला लागली. गणपतीपूजन, आत्याबाईंचे हातवारे, सनई. नानांनी फोन टीव्हीच्या दिशेने धरला. हळदीच्या हाताने गोदाने केस मागे सारले, पाट आला, ताट आलं, पोरगं मांडी घालून बसलं, आणि तिने हात ताटाकडे नेला तिथे तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला. सनई एकाच सुरावर अडकली आणि तोच सूर परत परत ओढत राहिली. नाना बघत होते. चौकोन हलले, जुळल्यासारखे झाले, पुन्हा फुटले. मग एकदम उडी मारून डिस्क पुढे गेली, आणि टीव्हीवर गोटा केलेला विश्वेश उभा होता, भिक्षावळ चालली होती, दुसरी सनई जोरात सुरू होती. नानांनी कधी नव्हे तो हत्यारावरचा मागचा बाण दाबला, चित्र पुन्हा मागे आणलं. पुन्हा चौकोन, पुन्हा तोच सूर, पुन्हा उडी. खर्रकन घासलेलं ते हेच होतं. आपल्याच हाताने. माघ वद्य पंचमीला.

"सूर अडकल्यासारखा येतोय," विश्वेश म्हणाला. "नेटमुळे असेल. मातृभोजन आलं का?"

"आलं."

"तिथे सनई थांबते ना मध्ये? लहानपणी ती बघायला लावायची मला ती जागा. काय म्हणते ती तिथे? मी रोज आठवायला बघतो, नीट शब्द आठवत नाहीत."

नानांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर चौकोन होते, हळदीच्या रंगाचे, त्यात नथीचा एक मोती अजून ओळखू येत होता. घरात कसलाच आवाज नव्हता. तेजलला सांगता येईल, कुणी दुरुस्त करत असेल तर बघता येईल, पोराला सांगायचं ते नंतर कधीतरी, तोंडासमोर. आत्ता सनई थांबली होती. नानांनी फोन तोंडाजवळ आणला, आवाज खाली घेतला, भरल्या कार्यालयात दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, आणि म्हणाले:

"गरम आहे रे. फुंकून खा. कुणाला घाई नाहीये."